टॉवेलच्या कारखान्याची केस

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक घर असं आहे की तिथे कुकरची शिट्टी कधी ऐकू येत नाही. कारण कुकरच नाही. एक किटली होती, लग्नात आहेर म्हणून आलेली. तीही त्या घरच्या मास्तरांनी मला देऊन टाकली आणि आता ती माझ्याकडे फुसफुसते. बायकोने भात करायचा तो उघड्या पातेल्यात, स्वयंपाकघराचं दार लावून आणि खिडकी सताड उघडी ठेवून. चहा कोपऱ्यावरच्या हॉटेलातून थर्मासमध्ये भरून येतो.

याची तीन-चार स्पष्टीकरणं इमारतीत फिरत होती. त्यांतली दोन मीच सोडलेली, हे आता कबूल करायला हरकत नाही. एकात मास्तर लहानपणी भाजले होते, दुसऱ्यात त्यांच्या बायकोला चहा जमत नव्हता. दोन्ही खोटी निघाली. खरं कळलं तेव्हा वाटलं, माझ्याच गोष्टी बऱ्या होत्या.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. जगात अशा काही कंपन्या आहेत की त्या स्वतः काही बनवत नाहीत, काही विकत नाहीत, दुसऱ्याने आपला धंदा कसा चालवावा ते सांगतात आणि वर फी घेतात. हे काम मी जन्मभर फुकट करत आले, ते सोडा. तर या सल्लागार कंपन्यांत नोकरी हवी असेल तर मुलाखतीत ‘केस’ सोडवावी लागते. समोरचा म्हणतो, अमुक एका विमान कंपनीचे प्रवासी कमी झालेत, काय कराल? मग उमेदवाराने अर्ध्या तासात, मोठ्याने विचार करत, कागदावर फांद्या काढत उत्तरापर्यंत जायचं. हे नुसत्या हुशारीने जमत नाही, सराव लागतो, आणि तो सराव आमचे मास्तर करून घेतात.

त्यांची शिकवण थोडक्यात अशी. कागद आडवा धरायचा. प्रश्न ऐकला की लगेच तोंड उघडायचं नाही, ‘मला एक मिनिट द्याल का?’ म्हणायचं. मिनिट संपलं की उत्तर आधी, कारणं नंतर, आणि कारणं तीनच. यावरून मुलांनी त्यांचं नाव मिनिटमास्तर ठेवलं होतं. ही सवय घरातही मुरलेली. एकदा त्यांची बायको जिन्यात मला सांगत होती, “काकू, मी म्हटलं, अहो, दूध नासलंय. तर म्हणतात, याची तीन कारणं असू शकतात. मी म्हटलं, चौथं मी सांगते, तुम्ही ते काल फ्रिजबाहेर ठेवलंत.” ही बाई दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. दिवसभर विव्हळणारी माणसं बघून घरी येते, त्यामुळे नवऱ्याचं तिला फारसं काही वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मास्तर खाली माझ्याकडे आले आणि म्हणाले, “काकू, मला तुमचा चेहरा हवाय.”

“या वयात?” मी म्हटलं.

“मुलाखतीला समोर दोघं बसतात. एक बोलतो. दुसरा गप्प बसून असतो आणि त्याला काहीही पटत नसतं. तुम्हाला काहीही पटत नाही, हे मी पाच वर्षं बघतोय.”

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढली आहेत. दुसऱ्यांच्या बोलण्यात अवाक्षर न काढता बसायची मला सवय, आणि त्यातलं काही विसरायची सवय नाही. मी लगेच हो म्हटलं.

तेव्हापासून आठवड्यातून चार दिवस मी त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसते. एक टेबल. अलीकडे आमच्या दोन खुर्च्या, पलीकडे उमेदवाराची एक. खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते, त्यामुळे बाहेर बघून विचार करायची सोय नाही. कोऱ्या कागदांचा गठ्ठा, टोकं काढलेल्या पेन्सिली, आवाज न करणारं घड्याळ. उमेदवाराच्या पाठीमागे दार.

त्या दाराचं मला पहिल्या महिन्यातच खटकलं होतं. मुलाखत संपली की मूल उठायचं, कागद पिशवीत भरायचं, पिशवी खांद्याला लावायचं. त्या वेळी मास्तर त्याच्याकडे बघत नसत, त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघत. चारपाच क्षण. कोणी येणार असल्यासारखे. कधीकधी तर हळूच “कोण?” असंही विचारत. मीही तिकडे बघे, दार लावलेलं असे. मला वाटायचं, बायको दवाखान्यातून परत यायची वेळ झाली असेल, धाक असेल. मग लक्षात आलं की हे रोज होत नाही. ज्या दिवशी टॉवेलची केस असते त्याच दिवशी होतं.

मास्तरांकडे शंभरेक केसेस होत्या. औषधांची दुकानं, बंदरं, वर्तमानपत्रं. या केसेसमध्ये मूल चुकलं की मास्तर चिडत, पेन्सिल टेबलावर आपटत, “काकूंना सुद्धा हे सुचलं असतं” असं म्हणत. मी ते मनाला लावून घेत नसे. पण प्रत्येक उमेदवाराला एकदा टॉवेलच्या कारखान्याची केस मिळे, आणि तिथे सगळं उलटं होई.

ती केस अशी. टॉवेलचा कारखाना आहे. तीन खाती आहेत, विणकाम, रंगखातं आणि सुकवणी. कारखाना तोट्यात आहे, काय कराल? मूल एक मिनिट मागून घेई, फांद्या काढी, आकडे विचारी. मास्तर आकड्यांचा कागद पुढे सरकवत. त्यात विणकाम ठीक, सुकवणी ठीक, आणि रंगखात्यात खर्चाचा डोंगर, कारण बॉयलरचा सगळा खर्च तिथे लिहिलेला. मूल खूश होई. “माझी शिफारस अशी आहे की रंगखातं बंद करावं आणि रंगकाम बाहेरून करून घ्यावं. याची तीन कारणं.”

हे ऐकलं की मास्तर चिडत नसत, चुकलास म्हणत नसत, शाबासही म्हणत नसत. नुसते “ठीक आहे” म्हणत. मग ते दाराकडे बघणं. मूल गेलं की खणातून एक जुनी वही काढून त्यात एक उभी रेघ मारत. चार उभ्या, पाचवी आडवी. त्यानंतर मात्र त्यांचा चेहरा हलका होई, थर्मास उघडला जाई, मला न मागता बिस्किटं मिळत. मी एकदा विचारलं, “ही निवड झालेल्यांची मोजणी का?”

“नाही.”

“मग?”

“ज्यांनी विचारलं नाही, त्यांची.”

“काय विचारलं नाही?”

“बिस्किट घ्या, काकू.”

दोनशे अकरा रेघा होत्या. मी बिस्किट चघळत मोजल्या होत्या.

दोनशे बारावी मुलगी लाँड्रीवाल्याची. आमच्याच रस्त्यावर पुढे त्यांची लाँड्री आहे. मागे धुणं, पुढे इस्त्री, काउंटरवर कागदी चिठ्ठ्या टाचलेले गठ्ठे. मुलगी गणितात पक्की, जाड चष्मा, आणि प्रश्न विचारायची हौस इतकी की पहिल्या दिवशी तिने मलाच विचारलं, “आजी, तुम्ही नाखूश आहात की हे तुमचं काम आहे?” मी म्हटलं, दोन्ही.

तिच्या टॉवेलच्या केसची सकाळ मला नीट आठवते. तिने आकड्यांचा कागद घेतला, चष्मा वर केला आणि मिनिट वगैरे काही न मागता म्हणाली, “सर, हा बॉयलर फक्त रंगखात्याचाच आहे का?”

मास्तरांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

“नाही म्हणजे, आमच्याकडे एकाच बॉयलरवर धुणं चालतं आणि इस्त्रीपण. इथे सुकवणीला वाफ लागत असेल ना? सुताला खळ लावतात, त्यालाही लागत असेल. मग सगळा खर्च एकट्या रंगखात्यावर कसा?”

मास्तर म्हणाले, “मला एक मिनिट द्या.”

दोन वर्षांत ते वाक्य मी त्यांच्या तोंडून स्वतःसाठी पहिल्यांदा ऐकलं. आवाज न करणाऱ्या त्या घड्याळात मी बघत होते. मिनिट झालं, दोन झाली, चार झाली. त्यांचा हात टेबलावर पालथा पडला होता आणि बोटं पांढरी पडली होती. मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मला चेहरा कुठला करावा तेच कळेना.

शेवटी ते म्हणाले, “हो. फक्त रंगखात्याचाच आहे.”

मुलाखत घेणारा जे सांगेल ते खरं, हा या खेळाचा नियम. मुलीने मान हलवली, कागदावरची ती फांदी खोडली आणि रंगखातं बंद करून टाकलं. तिच्या कागदाच्या खाली मास्तरांनी शेरा लिहिला, ‘अनावश्यक प्रश्न. वेळ गेला.’ मग दाराकडे बघितलं, पण या वेळी ताबडतोब नजर वळवली. मुलगी गेल्यावर वही काढली. पेन्सिल बराच वेळ कागदावर टेकवून ठेवली आणि रेघ मारली.

त्या दिवशी बिस्किटं आली नाहीत.

त्यानंतर तिसऱ्या मजल्यावर काहीतरी बिघडलं. मास्तरांनी टेबल फिरवलं, उमेदवाराची पाठ खिडकीकडे आणि आमची दाराकडे आली. दोन दिवसांत परत फिरवलं, कारण दार पाठीशी असलं की ते दर पाच मिनिटांनी मान वळवून बघत. पाण्याच्या पाइपमध्ये हवा अडकून आवाज आला तर बोलणं थांबवून ऐकत बसत. प्लंबरला दोनदा बोलावलं. “भिंतीत काही नाहीये, साहेब,” प्लंबर म्हणाला, “आवाज होतोय तो तुम्ही ऐकताय म्हणून.” बायको मला जिन्यात म्हणाली, “काकू, काल दुपारी जेवताना मध्येच ‘आलो’ म्हणून उठले. बेल वाजली नव्हती. दार उघडून उभे राहिले आणि मग लावून घेतलं. मी विचारलं, कोण होतं? तर म्हणे, कोणी नाही, गेली.”

“गेली म्हणाले?”

“गेली म्हणाले.”

एरवी मी या एका शब्दावर आठवडाभर इमारत चालवली असती. पण तो शब्द मी कुणाला सांगितला नाही, यावरून काय ते ओळखा.

आणि ती मुलगी. ती सरावाला येत होती, पण तिचे प्रश्न आटले होते. मिनिट मागायची, तीन कारणं द्यायची, बरोबर मोजून. इतरांसारखी झाली होती. तिची खरी मुलाखत शुक्रवारी सकाळी दहाला होती. गुरुवारी सकाळी शेवटचा सराव झाला आणि पूर्ण अर्ध्या तासात तिने एकही प्रश्न विचारला नाही. ती गेली तशी मी म्हटलं, “मास्तर, त्या पोरीच्या तोंडाला कुलूप कोणी लावलं?”

“घोटीव झालीय आता ती.”

“घोटीव नाही, घाबरट झालीय. तुमच्या त्या शेऱ्यापासून. आणि मला एवढंच सांगा, त्या दिवशी तुम्हाला मिनिट कशाला लागलं?”

मला वाटलं, चिडतील. पण ते खुर्चीत मागे टेकले आणि बोलायला लागले.

कारखाना टॉवेलचा नव्हता, ब्लँकेटचा होता. मास्तर तेव्हा एकतीस वर्षांचे, मोठ्या सल्लागार कंपनीत. त्यांना अकरा दिवस तिथे पाठवलं होतं. बॉयलर रंगखात्याच्या अंगणात उभा होता आणि त्याचं रजिस्टर रंगखात्याच्या कचेरीत असे. म्हणून त्यांनी त्याचा सगळा खर्च रंगखात्याच्या रकान्यात लिहिला. रंगखातं तोट्यात दिसलं, बंद झालं. पण बॉयलर तेवढाच जळत राहिला, कारण वाफ बाकीच्यांनाही लागत होती. मग तो सगळा खर्च सुकवणीवर आला. पुढच्या वर्षी सुकवणी तोट्यात दिसली. ती गेली. मग विणकाम. तिसऱ्या वर्षी फाटकाला कुलूप. तीनशेच्या वर माणसं.

“मला नंतर कळलं,” मास्तर म्हणाले. “नोकरी सोडली. मग म्हटलं, बघू तरी. इतकी हुशार मुलं येतात. कोणाला जर सुचतच नसेल, तर ते सुचण्यासारखं नव्हतंच. दोनशे अकरा जणांना नाही सुचलं, काकू.”

“आणि दोनशे बारावीला सुचलं, तर तुम्ही तिच्याशी खोटं बोललात आणि वहीशीही.”

त्यांनी वहीचा खण उघडला आणि परत लावला.

“उद्या दहा वाजता ती तिथे बसेल,” मी म्हटलं, “डोक्यात बरोबर प्रश्न येईल आणि ती तो गिळेल. मग तिला घेतली नाही तर ते एक. आणि घेतली तर आणखी वाईट. ती अशीच कुठल्यातरी फाटकातून आत जाईल.”

मास्तर उठले. चपला घातल्या. मी घरातून दोन चादरी पिशवीत कोंबल्या, म्हणजे लाँड्रीत जायला कारण, आणि त्यांच्या मागोमाग निघाले. असलं काही माझ्याशिवाय होणं बरं दिसलं नसतं.

लाँड्रीत काम जोरात होतं. मुलीचे वडील इस्त्रीच्या टेबलाशी उभे राहून पायाने पट्टी दाबत होते, आणि दर दाबाला वाफेचा झोत सुटत होता. दर झोताला मास्तरांचे खांदे वर जात. घाम कपाळावरून खाली आला होता. त्यांनी काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली. मुलगी गठ्ठ्यांना चिठ्ठ्या टाचत होती.

“सर? तुम्ही इथे?”

“तुझा प्रश्न बरोबर होता,” मास्तर म्हणाले. “टॉवेलच्या केसमधला. मी खोटं सांगितलं. बॉयलर सगळ्यांचा होता.”

“मी हिला त्याच दिवशी म्हटलं,” वडील वाफेतून म्हणाले, “बॉयलर कधी एकट्याचा नसतो म्हणून.”

“बाबा, थांबा.” मुलीने टाचणी खाली ठेवली. “सर, मी त्या दिवसापासून विचारणंच सोडलंय. तुम्ही लिहिलं होतं म्हणून.”

“माहीत आहे. ते खोडून टाक. उद्या मनात येईल ते विचार, वेळ गेला तर जाऊ दे.”

“पण मग तसं का लिहिलंत?”

त्यावर मास्तरांनी तिला सगळं सांगितलं, मला सांगितलं तेवढं. वडिलांचा पाय पट्टीवर थांबला. लाँड्री एकदम शांत झाली. फक्त मागे कुठेतरी पाणी ठिबकत होतं. मुलगी ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर तो पहिल्या दिवसाचा भाव परत येत होता. मला तो ओळखू आला आणि मला भीती वाटली.

“पण सर,” ती म्हणाली, “तिथे काम करणाऱ्यांना तर माहीत असणार ना. आम्हाला जसं माहीत आहे तसं. तुम्हाला कोणीच सांगितलं नाही?”

हा प्रश्न मला सुचला नव्हता. तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढलेल्या मला.

मास्तर काउंटरकडे बघत म्हणाले, “सांगितलं होतं.”

शेवटच्या दिवशी मीटिंग झाली होती. सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. फाटकाशी गाडी उभी होती आणि मास्तरांनी पिशवी खांद्याला लावली होती. तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. रंगखात्याचं काम तिच्या हाताखाली चाले. कोपरापर्यंत हात निळे. ती म्हणाली, “साहेब, बॉयलर सगळ्यांचाच आहे.” मास्तर म्हणाले, “हो, नोंद घेतो.” आणि तिच्या बाजूने निघून गाडीत बसले.

“तेव्हा समजलं नव्हतं तुम्हाला?” मुलीने विचारलं.

“गाडी वळायच्या आत समजलं होतं.”

“मग?”

“मीटिंग छान झाली होती,” मास्तर म्हणाले. “तिन्ही मुद्दे जमले होते.”

मुलीने चष्मा वर केला. मग म्हणाली, “त्यांचं नाव काय होतं?”

“विचारलं नाही.”

वडिलांनी माझ्या चादरी घेतल्या आणि पावतीही न फाडता बाजूला ठेवल्या. आम्ही परत आलो. जिन्यात मास्तर माझ्या पुढे होते. प्रत्येक मजल्यावर थांबून त्यांनी मागे बघितलं. मी मागे होते हे खरं, पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

शुक्रवारी एक वाजता मुलीचा फोन आला, मास्तरांना नाही, मला. केस एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघराची होती. तिने इतके प्रश्न विचारले की दुसऱ्या मॅडम घड्याळ बघायला लागल्या. “अगदी तुमच्यासारख्या, आजी,” ती म्हणाली. चार दिवसांनी कळलं, घेतली. मास्तरांकडे ती पेढे किंवा हार घेऊन आली नाही. धुतलेल्या चादरी द्यायला माझ्याकडे आली आणि वर न जाता गेली.

मास्तर अजून शिकवतात. त्यांनी वहीतली शेवटची रेघ खोडली. बाकीच्या दोनशे अकरांचं काय करायचं, असं मी विचारलं, तर म्हणाले, “त्या मुलांच्या नाहीतच काकू, माझ्या आहेत. राहू द्या.” घरात अजून कुकर आलेला नाही.

टॉवेलची केस मात्र बदलली आहे, आणि तिच्यात आता मला काम आहे. मुलाखत संपते, मूल उठतं, कागद भरतं, पिशवी खांद्याला लावतं. तेवढ्यात मी उठून दाराशी जायचं आणि म्हणायचं, “साहेब, बॉयलर सगळ्यांचाच आहे.” एवढंच, दुसरं काही नाही. मग बघायचं की पिशवी खाली कोण ठेवतं. बहुतेक जण हसून “थँक्यू मॅडम” म्हणतात आणि माझ्या बाजूने निघून जातात. आजवर तिघे परत खुर्चीत बसले.

मी ते वाक्य म्हणते तेव्हा मास्तर मुलाकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात. माझ्या हातांकडे. सुरुवातीला मी चेष्टा करून बघितली, हात पदराआड लपवून बघितले, उगाच आवाज काढून बघितला. ते हसले नाहीत. हल्ली चेष्टा करत नाही. त्या दारात उभी राहिले की आपण थोड्या दुसऱ्याच कुणीतरी आहोत असं मलाही वाटायला लागलं आहे, आणि माझ्यासारख्या बाईला हे काही शोभत नाही.

परवाही तसंच झालं. मूल “थँक्यू” म्हणून निघून गेलं. मी दारातच उभी होते. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “का हो मास्तर, आज बरोबर म्हटलं का मी?”

त्यांची नजर माझ्या हातांवरच होती.

“जरा हळू, काकू,” ते म्हणाले. “ती याहून हळू बोलली होती.”